जलसा ते रॅप : मराठीतील लयबद्ध समाजभाष्याचा इतिहास

१

'जलसा' हा शब्द मराठीत अरबी-फारसी मार्गाने आला. बसणे, बैठक हा त्याचा मूलार्थ. पुढे गायनवादनाच्या बैठकीस तो लागू झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात त्याला तिसराच अर्थ लाभला : समाजातील अन्यायाची गाऊन आणि बोलून केलेली जाहीर चिकित्सा. इंग्रजीतील 'रॅप' या शब्दाचा प्रवासही काहीसा असाच आहे. ठोका, टकटक हा त्याचा जुना अर्थ. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत चटपटीत, बोचऱ्या संभाषणास तो लावला जाऊ लागला. आणि १९७० नंतरच्या दशकात तालावर केलेल्या यमकबद्ध उक्तीचे ते नाव झाले. दोन्ही शब्द आरंभी करमणुकीचे होते आणि दोहोंनाही राजकीय अर्थ चिकटला तो ते वापरणाऱ्या समाजांमुळे.

गेल्या काही वर्षांत मराठीत रॅप रचला जाऊ लागल्यापासून त्याविषयी दोन मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे तो परदेशी उसना माल आहे. दुसऱ्या मताप्रमाणे तो पोवाड्याचाच नवा अवतार आहे. दोन्ही मते उतावळी होत. रूपसाम्य म्हणजे वंशसंबंध नव्हे, हे भाषेच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. रॅप हा पोवाड्यापासून उत्पन्न झालेला नाही. तो बाहेरून आला हे उघड आहे. परंतु तो येऊन ज्या जागी बसला ती जागा मराठीत सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीच तयार झाली होती. ज्यांस सभेत, ग्रंथात वा वृत्तपत्रात बोलण्याचा अधिकार नव्हता, त्यांनी करमणुकीच्या चौकटीत उभे राहून तो अधिकार कसा मिळविला, याचा हा इतिहास आहे. त्यात चौकट अनेकदा बदलली. आणि प्रत्येक बदलाबरोबर 'बोलणारा कोण' या प्रश्नाचे उत्तरही बदलत गेले. प्रस्तुत निबंधाचा रोख या दुसऱ्या बदलाकडे आहे.

२

जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात जोशी, कुणबी आणि त्याची पत्नी यांच्या संवादांतून पुरोहिताची फसवणूक उघडी केली आहे आणि मधून मधून विदूषक तिच्यावर भाष्य करतो. १८६९ मध्ये त्यांचा शिवाजी महाराजांवरील पोवाडा प्रसिद्ध झाला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुणे येथे सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. शिक्षित वर्गासाठी निबंध आणि अशिक्षितांसाठी गाणे, अशी विभागणी जोतीरावांनी मानलेली दिसत नाही. निबंधातील युक्तिवाद पोवाड्यात आणि पोवाड्यातील बोली निबंधात त्यांनी निःसंकोचपणे आणली. हा संकेत पुढील जलशांच्या मुळाशी आहे.

सत्यशोधक जलशाचा आरंभ ओतूरचे भीमराव महामुनी यांच्याकडे दिला जातो. जलशाने तमाशाची चौकट घेतली. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग हा तमाशाचा क्रम श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेला होता. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि झीलकरी हा संचही परिचित होता. जलसाकारांनी क्रम राखला आणि त्यातील एकेक घर रिकामे करून त्यात नवा आशय भरला. गणात देवतास्तवनाच्या जागी निर्मिकाचे व जोतीरावांचे स्मरण आले. बतावणीतील सोंगाड्याच्या प्रश्नोत्तरांत भटजी आणि कुणबी यांचा वाद आला. वगात राजाराणीच्या कथेऐवजी सावकाराच्या कर्जात बुडालेल्या कुटुंबाची कथा आली.

या पद्धतीचे भाषिक रहस्य असे की, श्रोत्याची अपेक्षा मोडण्यासाठी आधी ती जागी करावी लागते. गण सुरू झाला की गणपतीचे नाव येणार हे श्रोत्यास ठाऊक असते; ते येत नाही, त्या जागी दुसरेच नाव येते, आणि त्या एका शब्दबदलात संपूर्ण विचार सामावलेला असतो. प्रवचनास जे एका तासात साधावयाचे नाही ते येथे एका ओळीत साधते. विडंबन आणि प्रबोधन यांचा हा संयोग मराठीत जलशाने रुजविला.

३

विदर्भात या प्रयोगास अनुकूल अशी लोकपरंपरा पूर्वीपासून नांदत होती. पूर्व विदर्भातील दंडार आणि खडी गंमत, तसेच कलगी-तुऱ्याचे फड यांचा येथे निर्देश करणे अवश्य आहे. कलगीवाले शक्तीचा आणि तुरेवाले शिवाचा पक्ष घेतात. एक शाहीर कूट घालतो आणि प्रतिपक्षाच्या शाहिराने त्याचा उलगडा पद्यातच करावयाचा असतो. उत्तर न सुचणे हा पराभव, आणि निर्णय श्रोतृसमुदायाचा. न्यूयॉर्कमधील रॅपच्या द्वंद्वात हाच नियम आढळतो. दोहोंत ऐतिहासिक संबंध काहीही नाही. परंतु वाद पद्यात घालावयाचा आणि निवाडा लोकांनी करावयाचा, ही सवय नागपूर-भंडाऱ्याकडील श्रोत्यांना नवी नव्हती, एवढे त्यावरून सिद्ध होते.

छंदाच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण अमृतराय (१६९८–१७५३) यांच्या कटावांचे आहे. अमृतराय हे मूळचे बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याचे. त्यांचे वास्तव्य औरंगाबादेस होते. कटावात कडव्यांचे विभाजन नसते; मात्रांची आवर्तने एकामागून एक धावत येतात, अनुप्रास व अंतर्यमक यांची झोड उठते, आणि श्वास घेण्याची जागा कर्त्यास शोधून काढावी लागते. पठणाचा वेग हाच येथे अलंकार असतो. रॅप मराठीत रचता येणार नाही, कारण मराठीचे शब्द लांब व प्रत्ययबहुल आहेत, असा आक्षेप घेणाऱ्यांनी कटाव मोठ्याने म्हणून पाहावा. प्रत्ययांच्या पुनरावृत्तीमुळे मराठीत यमके दुर्मिळ नसून उलट अतिसुलभ आहेत. अडचण असलीच तर ती सुलभतेची आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विदर्भात लयबद्ध समाजभाष्याच्या तीन धारा जवळजवळ एकाच वेळी वाहत होत्या. पहिली गाडगेबाबांची (१८७६–१९५६). त्यांचे कीर्तन लिहिलेले नसे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. कर्ज, नवस, पशुहत्या, अस्पृश्यता हे त्यांचे विषय. आणि भाषा वऱ्हाडी. दुसरी धारा तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८). खंजिरीच्या ठेक्यावरील त्यांच्या भजनांनी गावोगाव देशभक्ती व ग्रामसुधारणा यांचा प्रचार केला. १९४२ च्या आंदोलनात, चिमूरच्या उठावानंतर, सरकारने त्यांस अटक करून कारागृहात ठेवले. ज्या विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये नागपुरात झाली, त्यास २००५ पासून त्यांचेच नाव आहे.

तिसरी धारा किसन फागू बनसोडे (१८७९–१९४६) यांची. मोहपा येथे जन्मलेल्या या कवी-संपादकाने नागपुरात 'निराश्रित हिंद नागरिक' (१९१०), 'विटाळ विध्वंसक' (१९१३), 'मजूर पत्रिका' (१९१८) आणि 'चोखामेळा' (१९३१) ही पत्रे काढली. पत्रांच्या नावांतूनच त्यांच्या विचाराचा क्रम दिसतो : नागरिकत्व, अस्पृश्यता, श्रम, आणि शेवटी संतपरंपरेतील आपला पूर्वज. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने आसपासच्या खेड्यांतून हजारो माणसे नागपुरात आणली होती. या कामगार वस्त्यांत एकाच वेळी वाचक आणि श्रोता असलेला वर्ग निर्माण झाला. बनसोडे यांनी त्याच्यासाठी गद्य लिहिले तसे गाण्याजोगे पद्यही रचले.

४

महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर आणि नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या (१९३०) वातावरणात आंबेडकरी जलशाचा उदय झाला. त्याचे प्रमुख प्रवर्तक भीमराव कर्डक यांनी १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या ग्रंथात त्याचा वृत्तांत दिला. स्वतः प्रयोग केलेल्या माणसाने लिहिलेला असल्यामुळे या ग्रंथाचे मोल मोठे आहे. सत्यशोधक जलशाची चौकट येथेही राखली गेली. परंतु एक महत्त्वाचा फरक झाला. सत्यशोधक जलशात कुणब्याची फसवणूक दाखवून त्यास सावध केले जाई. आंबेडकरी जलशात पात्र फसलेले राहत नाही. ते उठून प्रश्न विचारते. मृत जनावर ओढणार नाही, मुलास शाळेत घालीन, वतन सोडीन, असे निश्चय रंगमंचावर प्रथमपुरुषी उच्चारले जाऊ लागले. व्याकरणातील पुरुष बदलला, आणि त्याबरोबर नाट्याचा नायक बदलला.

मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४० नंतरच्या दशकात हीच चौकट कामगार चळवळीसाठी वापरली. शासनाच्या निर्बंधांस तोंड देत अण्णाभाऊंनी तमाशास 'लोकनाट्य' ही संज्ञा दिली. नाव बदलून निषिद्ध वस्तू पुन्हा बाजारात आणण्याची ही युक्ती भाषाव्यवहाराचा उत्तम नमुना आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे पथक अग्रभागी होते.

नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्यानंतर दीक्षाभूमी हे तीर्थक्षेत्र झाले, तसेच ते गीतांचे एक मोठे वितरणकेंद्रही झाले. दरवर्षीच्या मेळाव्यात पुस्तिका विकल्या जात. पुढे ध्वनिफिती आल्या, मग तबकड्या आल्या. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते या मार्गाने खेडोपाडी गेली. नागपूरचे नागोराव पाटणकर यांच्यासारख्या गायकांनी कव्वालीचा साचा उचलून त्यात भीमगीत बसविले. सत्यशोधकांनी तमाशाच्या बाबतीत जे केले तेच त्यांनी कव्वालीच्या बाबतीत केले. साचा कोठून आला हा प्रश्न या परंपरेने कधी अडचणीचा मानला नाही. म्हणूनच, रॅपचा साचा परदेशी आहे हा आक्षेप परंपरेच्या नावाने घेता येत नाही. परंपरेनेच तो निकालात काढलेला आहे.

येथपर्यंतच्या साऱ्या रूपांत एक समान लक्षण आहे. बोलणारा कोणीही असो, उक्ती समूहाची असते. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, श्रोते ध्रुवपदात सामील होतात. शेवटच्या कडव्यात कर्त्याची नाममुद्रा येते खरी. परंतु ती ज्ञानाची साक्ष देण्यासाठी येते, स्वतःचे चरित्र सांगण्यासाठी नव्हे.

५

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी महाराष्ट्राचा संबंध हिपहॉपपेक्षा पुष्कळ जुना आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते; विद्यापीठाला लागूनच हार्लेमची वस्ती आहे. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांस पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच १९६६ च्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले.

पँथरच्या स्थापनेनंतर वर्षभराने, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील सेजविक ॲव्हेन्यूवरील एका इमारतीत झालेला समारंभ हा हिपहॉपचा प्रारंभ मानला जातो. जमैकात जन्मलेला कूल हर्क हा तेथे तबकड्या वाजवीत होता. गीतातील केवळ तालवाद्याचा तुकडा दोन तबकड्यांवर आळीपाळीने वाजवून त्याने तो लांबविला. त्या लांबलेल्या तालावर समारंभाचा सूत्रसंचालक बोलू लागला, आणि त्या बोलण्यातून रॅप वाढला. म्हणजे रॅपचा कर्ता मूळचा गायक नव्हे, सूत्रधार आहे. बतावणीतील सोंगाड्याशी त्याचे नाते गवयापेक्षा अधिक जवळचे आहे.

आरंभीचा रॅप मौजेचा होता. १९६८ मध्ये हार्लेममध्ये उदयास आलेल्या 'लास्ट पोएट्स' या कविमंडळाने ढोलाच्या साथीने राजकीय कविता म्हणण्याची वाट आधीच पाडली होती; पण तबकड्यांच्या रॅपमध्ये तो सूर १९८२ च्या 'द मेसेज' या रचनेने स्थिरावला. तीत गरीब वस्तीतील दैनंदिन जगण्याचे वर्णन होते. १९८९ मध्ये 'पब्लिक एनिमी' या गटाचे 'फाइट द पॉवर' हे गीत आले. त्याच वर्षी 'एन. डब्ल्यू. ए.' या गटाच्या पोलिसविरोधी गीताबद्दल संघराज्याच्या तपासयंत्रणेच्या अधिकाऱ्याने त्यांच्या प्रकाशन कंपनीस निषेधाचे पत्र पाठविले. पुढे २०१८ मध्ये केंड्रिक लामार यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. संशयापासून सन्मानापर्यंतचे हे अंतर तीस वर्षांच्या आत कापले गेले. मराठी जलशास असा सन्मान शंभर वर्षांत लाभला नाही, ही तुलना अस्वस्थ करणारी आहे.

६

भारतात १९९० नंतरच्या दशकात रॅप आला तो चित्रपटसंगीताच्या सोबतीने आणि विनोदाच्या अंगाने. त्याचे सामाजिक वळण २०१० नंतरचे. मुंबईच्या वस्त्यांतील तरुणांची गीते २०१३ ते २०१५ या काळात प्रसिद्धीस आली. २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटाने ती देशभर नेली. मराठीच्या दृष्टीने 'स्वदेशी' या मुंबईतील गटाचे कार्य अधिक महत्त्वाचे आहे. या गटात अनेक भाषा नांदतात. त्यातील मराठी आवाज 'एमसी मवाली' या नावाने ओळखला जातो. आरे वनातील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह या गटाने 'द वारली रिव्होल्ट' ही रचना केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे येथे झाडे तोडली गेली तेव्हा या प्रश्नाचा उच्चार गीतात आधीच झालेला होता. विदर्भात अमरावतीच्या विपिन तातड याने आंबेडकरी जाणिवेचा रॅप रचला. महादेव कोळी समाजातील मधुरा घाणे हिने 'माही जी' या नावाने आदिवासींचे प्रश्न मांडले. जलशात स्त्रीची भूमिका पुष्कळदा पुरुषच करी, हे ध्यानात घेतल्यास या शेवटच्या नावाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

'मवाली' हे नाम क्षणभर विचार करण्याजोगे आहे. अरबीत आश्रित, अंकित अशा अर्थाचा हा शब्द मराठीत गुंडाचा वाचक झाला. वस्तीतील मुलास समाज ज्या शब्दाने हिणवितो तोच शब्द त्याने नाममुद्रा म्हणून धारण केला. 'तुका म्हणे' या मुद्रेत नम्रता आहे, 'मवाली' या मुद्रेत आव्हान आहे. पण दोन्ही ठिकाणी आपल्या सामाजिक स्थानाची कबुली देऊनच कवी बोलण्याचा अधिकार घेतो.

बोलीच्या वापरातही नवी शक्यता उघडली आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी-नागपुरीची नोंद झाली, तरी शिष्ट व्यवहारात ती पुष्कळ काळ विनोदापुरतीच ऐकू आली. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने तिला दुःखाची भाषा म्हणून प्रतिष्ठा दिली. गाडगेबाबांनी तिला युक्तिवादाची भाषा पूर्वीच केले होते. रॅपला या बोलीत काही खास सोयी आहेत. 'मला, तुला' यांऐवजी 'मले, तुले' आल्याने यमकांचा एक वेगळाच गट हाती येतो. 'करून राहिलो' या क्रियारूपामुळे चालू क्रिया लांबते आणि तालाच्या आवर्तनात पसरून बसते. 'ळ'च्या जागी 'य' येत असल्याने 'काळा' हा 'काया' होतो, आणि कातडीचा रंग व देह हे दोन अर्थ एकाच ध्वनीत एकवटतात. वर्ण आणि शरीर यांच्या अन्यायाविषयी बोलू इच्छिणाऱ्या कवीस प्रमाणभाषेत हा श्लेष उपलब्ध नाही.

७

मात्र मूळ प्रश्न शिल्लक राहतो : या नव्या रूपात बोलणारा कोण? जलशात 'आम्ही' बोलत होता. रॅपमध्ये 'मी' बोलतो. झीलकरी गेले; त्यांची जागा यंत्रावरील तालाने घेतली. श्रोते समोर नाहीत. ते आपापल्या भ्रमणध्वनीवर, एकेकटे ऐकतात. या बदलाने व्यक्तीच्या अनुभवाला पूर्वी नसलेली जागा मिळाली, हा मोठाच लाभ आहे. परंतु त्याची दुसरी बाजू कायद्याच्या इतिहासात दिसते.

वसाहतकालीन शासनाने १८७६ चा नाट्यप्रयोग अधिनियम करून प्रयोगावर बंदी घालण्याचा अधिकार घेतला; त्याखाली १९१० मध्ये खाडिलकरांचे 'कीचकवध' बंद झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५४ पासून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ संहितांची पूर्वतपासणी करू लागले. या व्यवस्थेत शासनाचा हात प्रथम प्रयोगावर पडतो. पुढे तो माणसावर पडू लागला. २००२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कबीर कला मंचाच्या काही कलावंतांस २०११ मध्ये अटक झाली. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनाबाहेर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. सचिन माळी यांस जामीन मिळावयास जानेवारी २०१७ उजाडले. तथापि तेथे मंच होता, आणि त्यांच्या बचावासाठी समिती उभी राहिली.

एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन तरुण रॅपकारांविरुद्ध राज्यातील सत्तांतर व जनतेची स्थिती यांवरील गीतांबद्दल गुन्हे नोंदले गेले. पूर्वतपासणीच्या फाटकातून ही गीते गेलीच नव्हती. म्हणून फाटकाच्या जागी दंडविधान आले. खाडे यांच्या गीताच्या शीर्षकात 'भोंगळी' हा ग्रामीण शब्द आहे. नग्न या अर्थाचा हा शब्द खेड्यात रोजच्या बोलण्यातला. प्रमाणभाषेच्या कानाला तो अश्लील वाटतो. सत्तेने नागविलेली जनता असे रूपक त्यात आहे. रूपक शिष्ट शब्दात केले असते तर त्याची धार उरली नसती, आणि बहुधा त्याची दखलही घेतली गेली नसती. बोलीचे सामर्थ्य आणि बोलीची जोखीम ही एकाच ठिकाणी असतात, याचे हे उदाहरण होय.

यावरून या इतिहासाचे सूत्र मांडता येते. सत्यशोधक जलशापासून रॅपपर्यंत करमणुकीच्या चौकटीने बोलणाऱ्यास संरक्षण दिले. ती चौकट जितकी सामूहिक, तितके संरक्षण अधिक. रॅपने उक्ती स्वतंत्र केली, पण तिचे उत्तरदायित्वही एकट्यावर टाकले. 'मी' म्हणणाऱ्या आवाजामागे 'आम्ही' उभा राहतो की नाही, यावर मराठी रॅपचे राजकीय भवितव्य अवलंबून आहे. आरेच्या गीतात गावाचा आणि शहराचा आवाज एकत्र आला, ही त्या दिशेने शुभ खूण म्हणावी लागेल.

एक कर्तव्य विद्यापीठीय विभागांचेही आहे. जलशांच्या बहुसंख्य संहिता लिहिल्या गेल्या नाहीत आणि लिहिलेल्या पुष्कळ हरवल्या. कर्डकांसारख्या प्रयोगकर्त्याने ग्रंथ लिहिला नसता तर एका मोठ्या कालखंडाविषयी अंतःसाक्ष्य उरले नसते. आजचे गीत यंत्रात सुरक्षित आहे अशी समजूत आहे. परंतु ते एका आज्ञेने काढून टाकता येते आणि मागे कागदाचा तुकडाही राहत नाही. दीक्षाभूमीवरील पुस्तिका जुन्या पेट्यांतून अद्याप सापडतात. पुढील पिढीच्या अभ्यासकास या पिढीचा आवाज सापडावयाचा असेल, तर तो आजच उतरून घ्यावयास हवा : पाठभेदांसह, बोलीतील उच्चारांसह, आणि कर्त्याने स्वतः निवडलेल्या नावासह.